मैत्रिणींची लग्नं जुळवणारी नायिका, चर्चमधली हसरी गोष्ट आणि प्रवचनाची भीती

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत सांगते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तू नगरची, आता पुण्यात नोकरी, आणि एक हलकीफुलकी कादंबरी लिहायला घेतलीयस. चर्चच्या तरुण संघातले चार मित्रमैत्रिणी, त्यातली करुणा सगळ्यांची लग्नं जुळवायला निघालीय, नर्स असलेल्या ग्लोरीसाठी तिनं सायमनला हेरून ठेवलंय आणि दीपक आपला कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेला असतो. तीन प्रकरणं झाली. एक मैत्रीण वाचून म्हणाली हे प्रवचन वाटतंय, म्हणून तू प्रार्थना, बायबलमधली वचनं, चर्चच्या पाळकसाहेबांचा सल्ला सगळं काढून टाकलंस, मग दुसरी म्हणाली आता यात ख्रिस्ती काय राहिलं, ही गोष्ट कुठल्याही ऑफिसात घडेल. आणि आता तू विचारतेयस की विनोद किती आणि विश्वास किती, प्रमाण काय ठेवू.

माझं माहेर नगरकडचं आणि सासर वसईचं, त्यामुळे प्रोटेस्टंटांची उपासनाही माहीत आणि कॅथलिकांची मिस्साही माहीत, आणि गेली बावीस वर्षं मी नाताळ अंकांसाठी अशाच हसऱ्या गोष्टी लिहितेय, नव्यानं लिहिणाऱ्या मुलामुलींच्या वह्याही वाचतेय. मॅडम म्हणू नकोस, ताई चालेल. त्या बावीस वर्षांच्या जोरावर सांगते, तुझी अडचण प्रमाणाची नाहीये. तू जो सारांश टाकलायस त्यात करुणा पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर आहे. तिनं ठरवलं ग्लोरी आणि सायमन, आणि शेवटी होतातही ग्लोरी आणि सायमन, मधे फक्त गैरसमज. आता जी जुळवणारी कधी चुकतच नाही तिला देवाची गरज कुठे लागणार? तिला कोणाची माफी मागायची नाही, काही शिकायचं नाही, काही सोडायचं नाही. मग विश्वासाला गोष्टीत करायला कामच उरत नाही, आणि काम नसलेला विश्वास पात्रांच्या तोंडी जाऊन बसतो आणि तिथून बोलत राहतो. प्रवचन तिथे तयार होतं. तू ते बोलणं कापलंस, पण खाली काही नव्हतंच म्हणून मग सगळंच गेलं.

तर करुणाला चुकू दे, पण प्रेमापोटी चुकू दे. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. लोकांच्या आयुष्यात नाक खुपसणारी भोचक बाई रंगवणं सोपं असतं, दोन पानं हसू येतं आणि तिसऱ्या पानावर वाचणाऱ्याला तिचा कंटाळा येतो. करुणा वेगळी हवी. ग्लोरी नाइट ड्युटी करून थकून घरी येते आणि एकटीच गरम करून जेवते हे तिला बघवत नाही. तिला खरंच वाटतं की देवानं हे काम आपल्याला दिलंय. आणि मैत्रिणीसाठी मागितलेली गोष्ट कधी आपण ठरवलेली गोष्ट झाली हे तिचं तिलाही कळलेलं नाही. आपली कल्पना आणि देवाची इच्छा यांच्यात तिची गल्लत झालीय. हसूही इथूनच येणार आणि विश्वासही, दोन वेगळ्या डब्यांतून काढून मिसळायची गरजच नाही. ती जितक्या खात्रीनं म्हणेल की प्रभूनं माझ्या मनात घातलंय, तितका तिचा बेत जास्त फसला पाहिजे. आणि प्रभूची टिंगल होत नाहीये हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, कारण चूक करुणाच्या ऐकण्यात आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तू हे चर्चच्या मासिकासाठी लिहितेयस की बाहेरच्या प्रकाशकासाठी, वाचणारे आपलेच लोक की सगळे, यानं बराच फरक पडतो. इंग्रजीत, खास करून अमेरिकेत, ख्रिस्ती प्रेमकथा ही एक मोठी वेगळी शाखा आहे, तिथे विश्वासाचा प्रवास दिसलाच पाहिजे आणि शारीरिक जवळीक अमुकच्या पुढे जाता कामा नये अशा अटी प्रकाशक घालतात. मराठीत असा तयार साचा नाही. मला ते बरंच वाटतं, कारण आपल्याला आपल्या लोकांकडे बघून लिहिता येतं. आणि हेही खरंय की नगरच्या चर्चमध्ये जे हसत हसत खपेल ते वसईच्या एखाद्या गावात खपणार नाही आणि उलटंही, तेव्हा माझं सगळं तू आपल्या माणसांवर तपासून घे.

आता आपल्या समाजाची एक गोष्ट, जी तुझ्या तीन प्रकरणांत मला कुठेच दिसली नाही आणि माझ्या मते तुझ्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार होते, म्हणजे एक टक्कासुद्धा पूर्ण नाही. त्यात पुन्हा कॅथलिक वेगळे, प्रोटेस्टंट वेगळे, वसईचे वेगळे, नगर-नाशिकचे वेगळे. म्हणजे एखाद्या तरुण संघात लग्नाच्या वयाचे असे किती असतील, पंधरा? वीस? त्यातले निम्मे लहानपणापासून रविवारच्या शाळेत एकत्र वचनं पाठ केलेले, चारजण नात्यातले, आणि एकाला तिसरीत असताना नाताळच्या नाटकात मेंढरू झालेलं दुसऱ्यानं पाहिलेलं असतं. आता या माणसाकडे नवऱ्याच्या नजरेनं बघायचं! ही अडचण आपल्याकडे खरी आहे आणि मजेशीर आहे आणि थोडी दुखरीही आहे. शहरातल्या डेटिंगच्या गोष्टीत जमलं नाही की माणूस गायब होतो. आपल्याकडे जमलं नाही तरी पुढच्या रविवारी तो त्याच बाकावर, गायनवृंदात तुझ्या मागच्याच रांगेत, आणि उपासना संगीतचं पुस्तक कमी पडलं तर एकाच पुस्तकात बघून दोघांनी गायचं. करुणाचा एक बेत फसला की त्याचा हिशोब दर रविवारी सकाळी समोर येऊन बसतो. याच्यापेक्षा चांगलं विनोदाचं इंजिन तुला कुठे मिळणार आहे?

म्हणून माझा सल्ला, पुण्यातला कॅफे काढून टाक. तुझे चारही लोक तीनही प्रकरणं कॅफेत बसून बोलतायत. त्यांना कामाला लाव. डिसेंबरात रात्री टेम्पोतून कॅरल गात घरोघरी फिरतात तो प्रसंग घे, प्रत्येक घरी चहा आणि करंजी घ्यावीच लागते, नवव्या घरापर्यंत कोणाच्या पोटात जागा नसते आणि घसा बसलेला असतो, थंडीत एकच शाल असते. कोण कोणाशेजारी बसणार हे करुणानं ठरवून ठेवलेलं असतं आणि सांताक्लॉजच्या पोटाची उशी मधे येते. किंवा हार्वेस्ट फेस्टिवल घे. तुला तर माहीतच आहे, लोक शेतातलं, घरातलं जे असेल ते आणतात, ज्वारी, मेथीच्या जुड्या, भोपळा, कोंबडा, लोणचं, केक, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चला. तिथे वीस रुपयांच्या भोपळ्यासाठी माणसं हट्टानं हजारावर जातात, आणि कोण कशासाठी बोली वाढवतंय ते सगळा समाज डोळे लावून बघत असतो. तर करुणा सायमनला आधीच सांगून ठेवते की ग्लोरीनं केलेला केक तूच घ्यायचा. सायमन बिचारा आज्ञाधारक. पण टेबलावर केक दोन आहेत, ग्लोरीचा आणि पाळकीणबाईंचा, आणि तो चुकीच्या केकवर इतका चढत जातो की शेवटी पाळकीणबाई स्वतः येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि तिकडे ग्लोरीचा केक दीपकनं दीडशे रुपयांत घेऊन टाकलाय आणि गुपचूप गिटारच्या खोक्यावर ठेवून तुकडा मोडून खातोय, कारण त्याला भूक लागलीय, आणि केक खरंच चांगला झालाय. वाचणाऱ्याला तिथे कळलं पाहिजे. करुणाला कळता कामा नये.

हो, मी तुझी जोडी बदलतेय. रागावू नकोस. दीपक तीन प्रकरणं कोपऱ्यात नुसता बसलाय आणि तू त्याला काहीच काम दिलेलं नाहीस, तरी त्याची दोनच वाक्यं मला लक्षात राहिली. माझा अनुभव असा की लिहिणाऱ्याचं ज्या पात्राकडे लक्ष नसतं आणि तरी ते जिवंत होतं, गोष्ट त्याचीच असते.

मग सायमनचं काय? इथे मला जरा जास्त बोलायचंय. माझ्या सुरुवातीच्या एका गोष्टीत नायिका गुडघे टेकून प्रार्थना करते आणि आमेन म्हणते न म्हणते तोच मुलाचा फोन वाजतो. लोकांना आवडली होती. अंक आल्यावर पुढच्या रविवारी आमच्या चर्चमधल्या एक वयस्क बाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न झालेलं नव्हतं, मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे म्हणाल्या, मीही प्रार्थना केली होती गं, बरीच वर्षं केली, मग माझा फोन का नाही वाजला? त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. त्या एका वाक्यानं माझं पुढचं सगळं लिखाण बदललं, आणि आजही गोष्ट लिहून झाली की मी ती त्या बाईंच्या नजरेनं एकदा वाचते. लग्न हे प्रार्थनेचं बक्षीस म्हणून दाखवलं की ज्यांना ते मिळालं नाही त्यांचा विश्वास कमी पडला असा अर्थ आपोआप निघतो, आपल्याला म्हणायचा नसला तरी निघतो. बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अविवाहित राहण्याला मान दिलाय, पण आपल्या समाजात पंचविशी ओलांडली की प्रत्येक मावशी स्थळ घेऊन उभी. म्हणून चारांतला एक शेवटी एकटा राहू दे, आणि सुखात राहू दे. सायमन राहू दे. करुणाला वाटतं तो दुःखी आहे, त्याला कोणीतरी हवंय, आणि तो शेवटी तिला सांगतो की अगं, मला तू कधी विचारलंस का? त्याच्याकडे त्याची शाळा आहे, आजारी वडील आहेत, शनिवारची क्रिकेट टीम आहे, आणि रात्री त्याला छान झोप लागते. हा प्रसंग हसराही लिहिता येतो. तो सांगत असताना करुणाच्या पर्समध्ये त्याचा बायोडेटा असू दे, चार प्रती, लॅमिनेट केलेल्या.

प्रार्थना काढून टाकू नकोस, तिची जागा बदल. प्रार्थनेनं गोष्टीतली अडचण सोडवायची नाही, प्रार्थना करणाऱ्या माणसाला थोडं हलवायचं. एकदा करुणा लांबलचक प्रार्थना करते, देवाला सगळा बेत समजावून सांगते, तारीख, वार, कोणत्या हॉलमध्ये रिसेप्शन, आणि मधेच थांबते कारण तिला आठवतं की ग्लोरीला काय हवंय हे मागायचं राहूनच गेलं. बास, तिथेच प्रसंग संपव. एक ओळही समजावून सांगू नकोस.

तू विचारलं होतंस की बायबलमधून काही घेता येईल का. वचनं घेऊ नकोस, रचना घे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी मुलगी बघायला दहा उंट घेऊन निघतो, विहिरीपाशी थांबतो आणि प्रार्थना करतो की जी मुलगी मला पाणी देईल आणि वर उंटांनाही पाजते म्हणेल ती. आपण हे रविवारच्या शाळेपासून ऐकतो म्हणून त्यातलं काम लक्षात येत नाही. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो, आणि उंट दहा. म्हणजे त्या मुलीनं घागरीनं किती खेपा केल्या असतील! त्या म्हाताऱ्याची खूण फार शहाणी होती, स्वभाव तपासणारी. आणि पुढे बघ, त्याची प्रार्थना पूर्ण व्हायच्या आत रिबका आलेली आहे, तरी तो ओरडत नाही की मिळाली मिळाली, तो गप्प राहून तिच्याकडे बघत राहतो की हे खरंच देवाकडून आहे का. आणि घरी सगळं ठरल्यावरही घरचे रिबकेला बोलावून विचारतात, जातेस का या माणसाबरोबर, आणि ती म्हणते जाते. तुझ्या करुणानं या तीनपैकी दोन गोष्टी केलेल्याच नाहीत, गप्प राहून बघणं आणि विचारणं. पूर्ण कादंबरी या दोन गोष्टींवर उभी राहू शकते.

रूथच्या पुस्तकात तर जुळवणारी बाईच आहे. नामी आपल्या सुनेला, रूथला, सांगते आंघोळ कर, सुगंधी तेल लाव, चांगले कपडे घाल आणि खळ्यावर जा. मध्यरात्री शेताचा मालक बवाज दचकून उठतो तर पायाशी कोणीतरी बाई. आणि सगळं जमतंय असं वाटत असताना तो म्हणतो की माझ्यापेक्षा जवळचा एक नातेवाईक आहे, आधी त्याला विचारायला हवं. हे बघ, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत ऐनवेळची अडचण किती नेमकी ठेवलीय. आणि मला सगळ्यात आवडतं ते नामीचं त्यानंतरचं वागणं. इतका बेत रचणारी ही बाई रूथला म्हणते, आता निकाल लागेपर्यंत स्वस्थ बैस. तिनं आपला भाग केला आणि हात मागे घेतला. करुणाला हे जमत नाही, ती बसूच शकत नाही.

आता शेवटाकडे. तू लिहिलंयस की शेवटी पाळकसाहेब करुणाला समजावतात आणि तिचे डोळे उघडतात. तू काढलेला तो दोन पानांचा सल्ला चांगला होता, पण परत आणू नकोस. त्याऐवजी असं बघ. मधल्या भागात करुणाच्या एका बेतामुळे ग्लोरी खरोखर दुखावलेली हवी, गंमतीतलं दुखणं नको. समजा करुणानं युथ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ग्लोरी आणि सायमनसाठी प्रार्थनेची विनंती मांडली, नावं घेऊन. आपल्याकडे हे घडतं, प्रार्थना विनंतीच्या नावाखाली बातमी सांगितली जाते, आणि ज्याची सांगितली जाते त्याला तिथून उठून जाताही येत नाही, डोळे मिटून ऐकावं लागतं. ग्लोरी त्यानंतर चर्चला यायची बंद होते, ड्युटी आहे म्हणते. करुणा म्हणत राहते मी तर चांगल्यासाठीच केलं. मग हार्वेस्टची उपासना येते. लोक रांगेनं आपापलं अर्पण घेऊन पुढे चाललेत, करुणाच्या हातात भाजीची टोपली आहे, आणि वेदीपासून चार पावलांवर ती थांबते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूनं सांगितलंय की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. हे वचन कोणाच्याही तोंडी देऊ नकोस. ती टोपली खाली ठेवते, रांग अडते, मागचे आजोबा म्हणतात काय झालं गं, आणि ती मधल्या वाटेनं सरळ बाहेर पडते, चप्पलसुद्धा दुसऱ्या कोणाची तरी घालून, आणि रिक्षा पकडून ग्लोरीच्या हॉस्पिटलच्या गेटवर जाऊन उभी राहते. ज्याला वचन माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येईल. ज्याला माहीत नाही त्यालाही कळेल की ही मुलगी माफी मागायला चाललीय आणि हे तिच्यासाठी देवापेक्षाही आधी आलंय, म्हणजे खरं तर देवासाठीच आलंय. तुझ्या दोन्ही मैत्रिणींना हे एकच पान दे वाचायला.

लिलावाचा प्रसंग आणि हा, दोन्ही हार्वेस्टचे झाले, तर एक वर्षाचं अंतर ठेव, पहिल्या हार्वेस्टला गोष्ट सुरू आणि दुसऱ्याला माफी. वर्षभराचा काळ हातात आला की चर्चचं कॅलेंडर तुझ्यासाठी काम करतं. नाताळ येतो, ईस्टरआधीचा उपवासकाळ येतो, त्यात सहसा लग्नं लावत नाहीत, म्हणजे घाई करणाऱ्यांची चाळीस दिवस अडवणूक आपोआप. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात आणि कोणाला हरकत आहे का विचारतात, त्या वेळी मंडळीत जी शांतता असते ती वापर. पण सिनेमासारखं कोणाला उठून ओरडायला लावू नकोस, प्लीज. आणि एक कायद्याची गंमत, भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा, त्यात विशेष परवानगी नसेल तर लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लावायचं असं आहे. नवरदेव पुण्याहून येतोय, घाटात ट्रॅफिक, घड्याळात सव्वासहा. तुला वेगळा खलनायक लागणारच नाही.

प्रेमाच्या प्रसंगांबद्दल तू थोडं लाजत विचारलंयस. चुंबन नाही म्हणून ओढ कमी होत नाही, उलट वाढवता येते. मी एक करते, दोघांना एकत्र करायला एखादं साधं काम देते, खुर्च्या रचणं, पत्रावळी गोळा करणं, बंद पडलेला जनरेटर, आणि बोलणं कामाबद्दलच ठेवते. ग्लोरी नाइट ड्युटीवरून सकाळी थेट प्रॅक्टिसला आलीय, दीपक काही न बोलता तिचा सूर एक स्वर खाली आणतो कारण तिचा आवाज थकलाय. त्यानं काय केलं हे फक्त तिला कळलंय. अशी दोन-तीन ठिकाणं पुरतात.

भाषेचं पटकन सांगते. पाळकसाहेब आणि फादर, उपासना आणि मिस्सा, प्रभूभोजन आणि कम्युनियन यांची सरमिसळ करू नकोस, आपले लोक तिथे लगेच अडखळतात. तुझी नगरची मुलं नगरचीच बोलू देत, करुणा, कृपा, आशिष अशी नावं आपल्याकडे आहेत ती छान आहेत, उगाच सगळ्यांना इंग्रजी करू नकोस. आणि बाहेरच्या वाचकासाठी कंसात समजावणं नको. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये यमुनापर्यटन लिहिलं, मराठी कादंबरीची सुरुवातच एका ख्रिस्ती माणसाच्या हातून झाली आणि विषय होता विधवांचं दुःख आणि त्यांचं लग्न, म्हणजे आपण या घरात पाहुणे नाही, दारात उभं राहून ओळख करून द्यायची गरज नाही. आणि हसण्याचा धडा हवा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रं परत वाच, पहिला भाग १९३४ चा. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर त्या पोटभर हसतात आणि त्याच वेळी त्यांचं त्याच्यावर किती प्रेम आहे ते दिसत राहतं, तिळभरही कडूपणा नाही. करुणावर तसंच हसायचं. पाळकसाहेबांच्या उच्चारांवर, कोणाच्या गरिबीवर, नव्यानं विश्वासात आलेल्या माणसाच्या चुकांवर हसायचं नाही. ते हसू स्वस्त असतं आणि दुखवतं.

तर पुन्हा एकदा थोडक्यात, कारण लांबलंय. करुणाला प्रेमापोटी चुकू दे, ग्लोरीला कोणीतरी विचारू दे, सायमनला सुखात एकटा राहू दे, दीपकला केक खाऊ दे. टक्केवारीचा विचार आत्ता सोड.

करुणा स्वतः कोणाची होणार हे तू लिहिलेलं नाहीस आणि मीही सुचवत नाही, तुला शेवटपर्यंत गेल्यावर कळेल, कदाचित कोणाचीच नाही. आत्ता फक्त तिसरं प्रकरण बाजूला ठेव आणि लिलावाचा प्रसंग लिहून काढ, सात-आठ पानं, घाई न करता, भोपळ्यासकट. लिहून झालं की इथेच टाक, मी वाचते. आणि दीपकची ती दोन वाक्यं जशीच्या तशी ठेव.